सुरजीतबाईंना आलेली किळस

कुणी ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारला की सुरजीतबाईंचा चेहरा घासात केस लागल्यासारखा व्हायचा. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. सुरजीतबाई रागवायच्या नाहीत. त्यांना किळस यायची, आणि ती लपवायचं कौशल्य त्यांच्याकडे अजिबात नव्हतं.

नालासोपाऱ्यात तुळिंजच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत होते, तिथे त्या विज्ञान शिकवायला आल्या. पहिल्याच आठवड्यात आमच्या एका सहकाऱ्याने शिक्षकखोलीत कागदाची पुडी उघडली. त्याच्या काकांच्या घरी कुठल्याशा महाराजांच्या तसबिरीतून अंगारा गळत होता म्हणे. त्याने सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली. मी कॅथलिक. ती राख घेऊन काय करायचं मला कळेना, म्हणून मूठ मिटून बसले. सुरजीतबाईंनी हात पुढे केलाच नाही. म्हणाल्या, “सर, फोटोच्या मागं भिंतीत ओल आहे का बघा. नाहीतर वाळवी असंल.” मग माझ्याकडे वळून, “तुमची मूठ किती वेळ अशी धरणार? नळ तिकडं हाय.”

उंच, हाडापेराने मजबूत, फिकट रंगाची ओढणी डोक्यावरून घेतलेली ही बाई बोलायला लागली की लोक चकित व्हायचे. कारण बोली नांदेडची. त्यांच्या खापरपणजोबांपासूनच्या सगळ्या पिढ्या तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या आसपास वाढलेल्या. नवऱ्याचा ट्रकचा धंदा होता म्हणून लग्नानंतर त्या इकडे हायवेजवळ आल्या. नवरा गेला, ट्रक विकले गेले, राहिला एक मुलगा. हरप्रीत. घरात आणि गल्लीत सगळे त्याला हॅपी म्हणायचे. त्याने पुढे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. आईसारखाच उंच, पण तिच्यासारखा ताठ नव्हे. कुणी जरा प्रेमाने बोललं की विरघळणारा.

रविवारी सुरजीतबाई गुरुद्वाऱ्यात मुलांचा वर्ग घ्यायच्या. एकदा मी त्यांच्यासोबत लंगरला गेले होते, तेव्हा त्या वर्गाच्या मागे जाऊन बसले. त्या सहाव्या गुरूंच्या मुलाची गोष्ट सांगत होत्या. नऊ वर्षांचा पोर. त्याचा खेळातला सवंगडी साप चावून मरतो. हा त्याच्या घरी जातो, काठीने त्याला डिवचतो, ऊठ म्हणतो, तुझा डाव राहिलाय. आणि मेलेला उठून बसतो. मला वाटलं, आता मुलं टाळ्या वाजवतील. पण गोष्ट तिथे संपली नाही. वडिलांना कळलं तेव्हा ते नाराज झाले. आज एकाला उठवलंस, उद्या दारात प्रेतांची रांग लागेल, त्यातल्या कुणाला नाही म्हणणार आहेस? मुलाला आपली चूक उमगली. तो तळ्याकाठी जाऊन बसला आणि त्याने स्वतःचा प्राण सोडून दिला.

परतताना रिक्षात मी म्हटलं, “बाई, आमच्याकडे मेलेल्याला उठवणं ही देवाची सगळ्यांत मोठी खूण. तुमच्याकडे त्याच्यासाठी पोराचा जीव जातो?”

“मग! आमच्यात कुणी म्हणत नाही की गुरूंना जमत नव्हतं. जमत असून दाखवायचं नाही, असं म्हणतेत. ताकद दाखवायची म्हणजे देवाच्या हुकमात आपलं बोट घालायचं.”

“पण तुमच्याकडेही चमत्काराच्या गोष्टी आहेतच की.”

“ढीगभर हायेत. मी सांगते ना पोरांला. पण गोष्ट झाली की विचारते, ह्यात गुरूंनी काय केलं? ‘हात लावला अन् असं झालं’ असं जो म्हणंल त्याला शून्य मार्क.” मग माझ्याकडे बघून, “तुमच्या येशूनं मेलेला उठवला, तेव्हा दारात दानपेटी ठेवली होती का? नव्हती ना? मग माझं त्याच्याशी काही भांडण नाही.”

मी आणि माझी आई विरारच्या पश्चिमेला वटार गावात राहतो. तिचा गुडघा नोव्हेनाची नऊ दिवसांची प्रार्थना करून बरा झाला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सुरजीतबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मी धास्तावलेच होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आईच्या हातचं खाल्लं, वाडीत फिरून केळीची झाडं पाहिली. निघताना म्हणाल्या, “आंटी, गुडघा बरा झाला, मला लई आनंद झाला. पण त्याची पाटी लावू नका.” आईला पाटी म्हणजे काय ते कळलं नाही, पण बाई आवडली.

हॅपीचं लग्न झालं. सून मनदीप, लुधियानाजवळच्या खेड्यातली, गोरीपान, अबोल, सासूला फार घाबरणारी. आल्यावर वर्षभरात तिचा गर्भ पडला. पुढल्या वर्षी पुन्हा. त्या घरातला आवाजच बसला. सुरजीतबाई तिला डॉक्टरकडे न्यायच्या, गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, पण जवळ घेऊन रडू द्यायचं मात्र त्यांना जमायचं नाही. ते हॅपी करायचा. तोही मग तिच्यासोबत रडायचा.

याच सुमाराला चंदनसारला तो बाबा आला.

कुठून आला कुणालाच नीट माहीत नव्हतं. पांढरा पायघोळ चोळा, गोल बांधलेली पगडी, हातात स्टीलची माळ. एका बिल्डरने आपल्या अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल त्याला दिला. विरार पूर्वेत पाण्याचे हाल काय आहेत ते सांगायला नको. टँकर आला नाही तर लोक तोंड धुवायला बिसलरी घेतात. त्या इमारतीच्या बोअरला पाणी होतं, पण खारं, मचूळ. बाबाने म्हणे बोअरपाशी बसून रात्रभर जप केला आणि सकाळी पाणी गोड झालं.

आणि ते खरंच गोड झालं होतं. तीच तर अडचण होती.

लोक कॅन घेऊन लोटले. आमच्या पश्चिमेकडचे वाडीवाले, नालासोपाऱ्याचे चाळकरी, बुरख्यातल्या बायका, साऱ्यांची एकच रांग. पाण्याने मूतखडा पडतो, साखर उतरते, मूल राहतं. बोअरचं पाणी एका सिमेंटच्या टाकीत काढलं जायचं. रोज सकाळी बाबा त्या टाकीच्या काठावर बसून उजव्या पायाचा अंगठा पाण्यात बुडवायचा. मग लोक आपापल्या बाटल्या भरायचे. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. अंगठ्याचं नख पिवळं, वाढलेलं होतं. त्याच पाण्याने एक आई तान्ह्या मुलाचे ओठ भिजवत होती.

मी सुरजीतबाईंना सांगितलं, तेव्हा त्या ताटावरून उठल्या. “पाय धुतलेलं पाणी? ते तर दहाव्या गुरूंनी बंद केलं माय. दीक्षेच्या पाण्यात पाय नाही, पोलादी खंडा फिरवा म्हणाले. कुणाच्या पायाशी वाकू नये म्हणून. अन् हा त्यांचंच नाव घेऊन अंगठा बुडवायलाय.” त्या मोरीत गेल्या, चूळ भरली. पुन्हा जेवल्या नाहीत.

मनदीपला तेव्हा दिवस गेले होते. तिसरा महिना उलटला, चौथा उलटला, आणि या वेळी गर्भ टिकला. मला पुष्कळ नंतर कळलं की हॅपी पहिल्या महिन्यापासून ते पाणी घरी आणत होता. निळ्या झाकणाची मोठी बाटली, मनदीपच्या खोलीत, पलंगाच्या मागे. बाबाने त्याला सांगितलं होतं, घरात एक नास्तिक आहे, तिची नजर पडू देऊ नकोस.

सातव्या महिन्यात मनदीपला ताप आला. मग डोळे पिवळे झाले. कावीळ. विरारच्या एका इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पहिला प्रश्न विचारला, “पाणी कुठलं पिते?” हॅपीने अभिमानाने सांगितलं. ती बाहेर येऊन सुरजीतबाईंशी बोलली, मी बाजूलाच होते. म्हणाली, “त्या भागातून आलेल्या काविळीच्या पेशंटनी आमचा वॉर्ड भरलाय. गटाराचं पाणी मिसळलंय कुठेतरी. इतर माणसं यातून उठतात. पण गरोदर बाईला ही कावीळ झाली तर फार वाईट.”

मनदीपला भूल चढल्यासारखी झाली. ओळख राहिली नाही. पोट फाडून मुलगी बाहेर काढली, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मनदीप गेली. मुलीचा चेहरा तिने पाहिला नाही.

मी सुरजीतबाईंना रडताना पाहिलं नाही. त्या इस्पितळाच्या जिन्यात उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, “मला वास आला होता, सिसिलिया.” त्या वेळी मला अर्थ लागला नाही.

मुलगी जगली. घरी आणली तेव्हा तिच्या बोटांना नखं आहेत की नाहीत ते भिंगातून बघावं लागेल असं वाटायचं. सुरजीतबाईंनी शाळेतून निवृत्ती घेतली आणि तिला छातीशी बांधून घरात फिरू लागल्या. आणि एक दिवस चंदनसारच्या नाक्यावर मोठा फलक लागला. बाबाचा फोटो, हात उंचावलेला. शेजारी काचेच्या पेटीतल्या आमच्या मुलीचा फोटो. खाली लिहिलेलं, आई गेली, पण बाबाजींच्या पाण्याने लेक वाचली. रविवारी दर्शन, मुलीचे वडील अनुभव सांगतील.

फोटो हॅपीने दिला होता.

मी तडक त्यांच्या घरी गेले. हॅपी पलंगावर बसला होता, दाढी वाढलेली. सुरजीतबाई त्याच्यासमोर उभ्या.

“तू तिथं बोलणार म्हणून छापलंय. बोलणार का?”

“हो.”

“काय बोलणार?”

“खरं ते. डॉक्टर बोलली होती दोघी जाणार. एक वाचली. कोणी वाचवली?”

“डॉक्टरनं.”

“मम्मी, प्लीज.” तो एकदम ओरडला. “ते पाणी खराब होतं असं तू म्हणतेस ना? मग तिला कोणी मारलं? रोज ग्लास भरून कोण देत होतं? बोल ना! बोल!”

त्याला त्या चमत्काराची किती गरज होती ते त्या क्षणी मला कळलं. तो खरा नसता, तर हॅपीला जगणं कठीण होतं. बाहेर आल्यावर मी सुरजीतबाईंना म्हटलंही, “सोडून द्या बाई. पोरगा आहे. बोलू दे त्याला जे बोलायचं ते.”

“अन् रविवारी आणखी कुणी पोटुशी बाई बाटली भरून नेईल, तिला काय सांगू? माझ्या पोराची झोप लागावी म्हणून तू पी, असं?”

रविवारी त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पंख्यांखाली घामाचा, फुलांचा आणि टाकीजवळच्या चिखलाचा मिळून एक वास येत होता. बाबा उंच गादीवर बसला होता. बिल्डरने स्वतः माईक धरून हॅपीला बोलावलं. हॅपी पाठ केल्यासारखं बोलला. माझी मुलगी आज जिवंत आहे ती या पाण्यामुळे. लोकांनी हात जोडले. बाबाने डोळे मिटून मान डोलावली. त्या डोलावण्यात इतकं समाधान होतं की मला उठून त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

बायका बसल्या होत्या त्या बाजूला सुरजीतबाई उठून उभ्या राहिल्या. मुलगी खांद्यावर झोपलेली. त्यांना माईक कुणी दिला नसता आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. सत्तर-ऐंशी पोरांचे वर्ग त्यांनी आयुष्यभर नुसत्या गळ्यावर सांभाळले होते.

“मी ह्या मुलीची आजी. हिची आई ह्या पाण्यानं मेली. गटार मिसळलंय त्याच्यात. डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलंय. माझ्या पोराला माहीत नव्हतं, त्यानं मायेनं दिलं. पण मी आयुष्यभर विज्ञान शिकवलंय. सुनेच्या खोलीतली बाटली मी एकदा उघडून बघितली होती. मला वास आला होता. कुठून आली ते मला समजलं होतं. कधी नव्हे ती सून हसायली होती, पोरगा हसायला होता, म्हणून मी झाकण लावलं अन् गप बसले. मेलेल्या पोरीचा हिशोब कुणाला द्यायचा असंल तर तो मी देईन. माझ्या मुलानं नाही.”

हॅपी मंचावर तसाच उभा होता. त्याच्या हातातला माईक खाली लोंबकळत होता.

“बहेनजी, तुम्ही दुःखात आहात, बसून घ्या,” बिल्डर म्हणाला.

“बसते. दिल्लीत नवव्या गुरूंना बादशहाच्या माणसांनी म्हटलं, चमत्कार दाखवा, सोडून देतो. एक दाखवला असता तर वाचले असते. त्यांनी मान दिली, पण तमाशा नाही दाखवला. अन् तुम्ही त्यांच्या नावावर अंगठा बुडवून विकायलाव? तुम्हाला लाज नाही, ते जाऊ द्या. मला किळस येते तुमची.”

कुणीतरी “बाहेर काढा हिला” म्हणून ओरडलं. बाबा मात्र हसला. गोड, क्षमाशील हसू. हिंदीत म्हणाला की मातेचं मन दुखावलंय, आपण तिच्यासाठी प्रार्थना करू. आणि हात उंचावून त्याने मुलीला आशीर्वाद दिला.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. सुरजीतबाई दाराकडे निघाल्या. मला वाटलं होतं, लोक एक तर शिव्या घालतील नाही तर रिकाम्या हाताने घरी जातील. पण बायका पुढे सरकल्या. एकीने मुलीचं पाऊल धरून डोळ्यांना लावलं. मग दुसरीने. मग हातच हात. त्यांनी ऐकलं होतं सगळं. आजी म्हणते पाणी विषारी, त्याच विषातून ही जिवंत निघाली, म्हणजे केवढं हिचं तेज! मुलगी जागी होऊन किंचाळू लागली. एकीने तिच्या पायातला मोजा ओढून काढला आणि पदरात बांधला. मी ढकलत होते, हात झटकत होते, कुणाच्या तरी बांगड्या फुटल्या. सुरजीतबाईंनी मुलीला ओढणीत गुंडाळून घट्ट धरलं होतं आणि त्या ओरडत होत्या, “अगं पोरगी हाय ती! साधी पोरगी हाय!”

पावसाळ्याआधी पालिकेने चंदनसारचा रस्ता खणला, तेव्हा सगळं उघड झालं. पिण्याच्या पाण्याची मोठी लाइन फुटलेली होती आणि ती भर गटारातून जात होती. ते पाणी जमिनीत मुरून बोअरला लागलं होतं. म्हणून गोड, आणि म्हणून तसलं. लाइन जोडली, बोअर पुन्हा खारं झालं. बाबा त्याच्या आधीच निघून गेला होता. त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करायला सुरजीतबाई आणि मी दोघी गेलो होतो. काविळीने ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्यापैकी एकही जण आमच्यासोबत आला नाही.

हॅपीने आईशी बोलणं सोडलं. तो दुकानाच्या पोटमाळ्यावर राहू लागला. इकडे तुळिंजच्या घरी बायका येतच राहिल्या. सुरजीतबाई दार उघडायच्या नाहीत, तर त्या उंबऱ्यावर नारळ ठेवून जायच्या. एकदा मी तिथे असताना एक बाई तापाने फणफणलेला मुलगा घेऊन आली. “तिचा हात फक्त लावा, मॅडम.” सुरजीतबाईंच्या चेहऱ्यावर तीच किळस आली. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी पायात चप्पल सरकवली, मुलीला माझ्याकडे दिलं, त्या बाईला दंडाला धरून रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत तिच्यासोबत बाकावर बसल्या. मुलाला सलाइन लागलं, तो बरा झाला. आठवड्याने ती बाई पेढे घेऊन आली. म्हणाली, तुमच्या दारात पाय ठेवला आणि गुण आला.

त्या दिवशी सुरजीतबाईंनी नांदेडला जायचं ठरवलं. “इथं ही पोरगी म्हणून वाढायची नाही,” म्हणाल्या. “देव्हाऱ्यात बसवतील तिला. अन् हिच्या चौदाव्या वर्षी कुणाचं पोर मेलं, की हिच्याच नावानं खडे फोडतील.”

सामान फार नव्हतं. टेम्पो सकाळी आला. मी आईने दिलेली केळी घेऊन गेले होते. सगळं चढवून झालं, तेव्हा हॅपी आला. मोटारसायकल लांब लावून चालत आला. बारीक झाला होता. मुलगी आता दीड वर्षाची, आजीच्या कडेवर. तिने त्याला ओळखलं नाही. त्याने हात पुढे केले, तर तिने तोंड फिरवलं. तो तसाच उभा राहिला.

“मम्मी,” तो म्हणाला. किती महिन्यांनी त्याचा आवाज त्या घरासमोर उमटला होता. “मोठी झाली की तिला सगळं सांग. तिच्या आईचं. आणि माझं पण सांग. मी काय द्यायचो ते.”

सुरजीतबाईंचा हात वर आला, त्याच्या गालावर टेकला, आणि मला वाटतं इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना पोराला असं हात लावताना पाहिलं.

“मी नाही सांगणार. तुझ्या तोंडानं सांग. त्याच्यासाठी तुला यावं लागंल. येत राहा.”

टेम्पो गेला. हॅपीने मला वटारला घरापर्यंत सोडलं.

सुरजीतबाई आता नांदेडला असतात, फोनवर माझ्याशी भांडतात. नात बालवाडीत जाते, अक्षर वाईट आहे, दूध पीत नाही, अशा तक्रारी सांगतात, आणि त्या सांगताना त्यांच्या आवाजात एवढा आनंद असतो. हॅपी महिन्यातून एकदा तिकडे जातो. मुलगी त्याला पप्पा म्हणू लागली आहे. परवा दुकानात भेटला तेव्हा मी विचारलं, “सांगितलंस का रे तिला?”

“अजून लहान आहे, टीचर,” तो म्हणाला. मग समोरचा नटबोल्टांचा डबा उगाच हलवत, “पण सांगणार. रोज मनात बोलून बघतो.”